तूरडाळीच्या डब्यातले चॉकलेट

प्रश्न : मी २७ वर्षांची असून अमळनेर तालुक्यातील एका गावात सासरी एकत्र कुटुंबात राहते. मुलगा दहा महिन्यांचा आहे आणि अजून अंगावर पितो. दुपारी तो झोपला की मी गच्चीच्या जिन्यात बसून एकटी चहा पिते आणि भाजीच्या पैशांतून वाचवलेल्या वीस-तीस रुपयांचे चॉकलेट खाते. ते मी तूरडाळीच्या डब्यात लपवून ठेवते. मागच्या आठवड्यात ते सासूबाईंच्या हाताला लागले. ‘आम्हना वखतले आसा लाड नही व्हतात,’ एवढेच म्हणून त्यांनी डबा बंद केला. तेव्हापासून मला चहासुद्धा गोड लागत नाही. मी स्वार्थी आई आहे का? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी चार दिवसांऐवजी पंधरा दिवस राहावेसे वाटते, पण तसे म्हणायचीही लाज वाटते.

उत्तर : प्रिय भगिनी,

तुम्ही स्वार्थी आई नाही. ज्या बाईचा सकाळचा चहा साय धरून ओट्यावर तसाच निवतो, कारण तेवढ्यात बाळ रडते किंवा कोणाचा तरी डबा भरायचा राहिलेला असतो, तिने दुपारी एक कप गरम चहा बसून प्यायला तर त्याला लाड म्हणणेच मला जड जाते. तुमच्या पत्रात मला खटकले ते चॉकलेट नव्हे, तूरडाळीचा डबा खटकला. लपवलेली वस्तू कितीही लहान असली तरी ती खाताना कान जिन्याकडे लागलेले असतात, आणि मग वीस मिनिटांची विश्रांती मिळूनही विसावा असा मिळतच नाही.

सासूबाईंच्या वागण्याकडे मात्र पुन्हा एकदा पाहा. त्यांनी चॉकलेट बाहेर काढले नाही, जाऊबाईंना दाखवले नाही, तुमच्या यजमानांपर्यंतही गोष्ट नेली नाही. एक वाक्य बोलून डबा बंद केला. ते वाक्य तुम्ही टोमणा म्हणून ऐकले, आणि तो टोमणा असेलही, परंतु त्यात त्यांची स्वतःची खंतही असू शकते, कारण लाड नव्हते असे सांगणारी बाई पुष्कळदा ते आपल्याही वाट्याला यायला हवे होते, हेच सांगत असते. एखाद्या दुपारी त्यांना त्या दिवसांविषयी विचारा. आपल्याकडे उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका उडदाचे पापड लाटायला जमत, तेव्हा गप्पांच्या भरात तेलात बुडवलेल्या किती लाट्या कोणी तोंडात टाकल्या याचा हिशेब कोणी ठेवला होता? बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, शिजवलेला गरम घाटा वाटीत घेऊन त्यावर तेलाची धार सोडून खाणे हे तर कामाचाच भाग मानले जाई. त्या पिढीच्या हौशीला कामाचे पांघरूण होते आणि चार जणींची सोबत होती. तुम्ही एकट्या जिन्यात बसता, म्हणून तुमची हौस उघडी पडते.

तेव्हा परवानगी मागू नका आणि चोरूनही काही करू नका, सरळ सांगा: ‘बाळ झोपले की मी वीस मिनिटे जिन्यात बसते, तेवढ्यात तो उठला तर जरा घ्याल का?’ आठवड्यातून एखाद्या दिवशी दोन कप चहा करून सासूबाईंनाही बोलवा, पण रोज बोलवू नका. एकटे बसण्याची गरज खरी आहे आणि ती सौजन्यापोटी मोडू नये. पैशांच्या बाबतीत मी थोडी कठोर आहे. भाजीच्या पैशांतून वाचवलेले वीस रुपये ही चोरी नव्हे, पण त्यांनी तुम्हाला चोरासारखे वाटायला लावले आहे, म्हणून यजमानांशी बोलून दरमहा एक ठरावीक रक्कम, अगदी तीनशे रुपये का होईना, स्वतःच्या नावाने वेगळी काढा आणि तिचा हिशेब कोणालाही देऊ नका. चॉकलेट डाळीतून काढून फळीवर ठेवा. जाऊबाईंच्या मुलांनी त्यातले अर्धे संपवले, तर तेवढी किंमत मोजायची तयारी ठेवा.

अंगावर पाजणाऱ्या आईने चहा-चॉकलेट घ्यावे का, ही शंका घरात निघू शकते. दिवसाकाठी दोन कप चहा आणि चॉकलेटचा एखादा तुकडा यांनी सहसा बाळाला काही होत नाही. उलट भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार अशा आईला पहिल्या ६ महिन्यांत रोज सुमारे ६०० आणि पुढच्या ६ महिन्यांत सुमारे ५२० किलोकॅलरी अधिक लागतात. ती भर अर्थातच भाकरी, डाळ, शेंगदाणे आणि दुधातून यावी. सगळ्यांच्या शेवटी, उरलेल्या भाजीवर जेवण्याची सवय असेल तर ती आधी मोडा.

चहा गोड लागत नाही, हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले. अपराधीपणामुळे तसे झाले असेल तर मोकळेपणाने बोलल्यावर ते सुधारेल. परंतु कशातच मन लागत नाही, विनाकारण रडू येते, बाळ झोपले तरी झोप लागत नाही, असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. तोवर १४४१६ या ‘टेली मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेवर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते.

आता आखाजीचे. सासुरवाशिणीने माहेरी जाऊन झोके घ्यावेत, गौराईची गाणी म्हणावीत, आईच्या हातची सांजोरी आणि आंब्याचा रस खावा, यासाठीच तर खान्देशात हा सण इतका मोठा आहे. त्याच सणाला पुरुष दिवस-दिवस पत्ते कुटत बसतात आणि त्याला कोणी लाड म्हटल्याचे निदान माझ्या तरी कानावर आलेले नाही. पंधरा दिवस मागा, दहा मिळाले तरी जा, आणि यजमानांना ते आयत्या वेळी न सांगता आताच सांगा, म्हणजे घरातल्या कामांची वाटणी आधीच करता येईल. माहेरी पोहोचल्यावर बाळाला मांडीवर घेऊन झोका घ्यालच. पण एकदा त्याला आईच्या कडेवर देऊन, पाय ताणून, एकटीने घ्या.