कसतो एक, सातबाऱ्यावर दुसराच

या खेपेला खतं-किडीचे प्रश्न कमी आणि कागदपत्रांचे जास्त आले आहेत. त्यातले तीन घेतो. पहिल्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण मुंबईत बसून गावची जमीन सांभाळणाऱ्या बहुतेकांचा तोच प्रश्न असतो.

लालबागहून एक वाचक: संगमेश्वर तालुक्यात आमची थोडी भातशेती आणि वरकस जमीन आहे. आम्ही सगळे मुंबईला. शेजारचे एक जण बरीच वर्षं ती कसतात, वर्षाला दोन पोती तांदूळ देतात. आता ते लेखी मागताहेत. वडील म्हणतात, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल. काय करावं?

वडिलांची भीती हवेतली नाही. 1948 चा कूळकायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, म्हणजे कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली तो दिवस, कोकणात अजून कोणी विसरलेलं नाही. कुणाची जमीन गेली, कुणाला मिळाली. म्हणून आज सगळा व्यवहार तोंडी चालतो. पण त्या तोंडी व्यवहाराची झळ तुमच्या शेजाऱ्याला बसते आहे. बियाणं त्यांचं, मजुरी त्यांची. कापणीच्या तोंडावर पाऊस झाला आणि भात आडवं झालं, तर पंचनामा तुमच्या नावाने होतो आणि नुकसानभरपाई तुमच्या खात्यात जमा होते. किती खातेदार ती गावी परत पाठवतात, ते तुम्हीच सांगा. राबणाऱ्याच्या घरात पैसा का टिकत नाही, याचं मोठं कारण मला इथे दिसतं. सरकारी मदत सातबारा बघून येते आणि त्याचं नाव त्यावर नसतं.

माझा सल्ला असा: लेखी करा, पण घाईने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नको. ‘कूळ हक्क राहणार नाही’ एवढं लिहिल्याने कायद्याने मिळणारे हक्क पुसले जात नाहीत, त्यामुळे मसुदा जमिनीचे दावे पाहणाऱ्या वकिलाला दाखवा आणि मुदतीचा भाडेकरार रीतसर नोंदवा. पीक विम्यात भाडेपट्ट्याने कसणाऱ्याला भाग घेता येतो, मात्र आपल्याकडे त्यासाठी नोंदणीकृत करारच लागतो. कराराला वडील अजिबात तयार नसतील, तर निदान नुकसानभरपाई आली की ती कसणाऱ्याला द्यायची, एवढं घरात ठरवून टाका.

ई-पीक पाहणीचंही, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवण्याचंही, तसंच. ही नोंद 2021 पासून मोबाइलवर होते आणि पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. लालबागमधून ते होणार नाही. शेजाऱ्यांच्या मोबाइलवर तुमचं खातं उघडून द्या, ओटीपी फोनवर सांगा. नोंद राहून गेली की सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही, आणि मग भरपाई मागायची कशाच्या आधारावर?

कर्जाचं काय, असंही तुमच्या शेजाऱ्यांनी विचारलंय म्हणे. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत भाडेपट्ट्याने, तोंडी बोलीवर किंवा बटाईने कसणारेही बसतात. बँकेत गेल्यावर मात्र साहेब पहिल्यांदा सातबाराच मागतात. त्यापेक्षा अशाच चार ते दहा जणांनी मिळून संयुक्त देयता गट करावा. नाबार्डने ही पद्धत याच लोकांसाठी आणली. तारण नाही, सगळे एकमेकांना जामीन. मात्र गटात कोण घ्यायचं ते ज्याचं त्याने पारखून घ्यावं. एकाने हप्ता बुडवला की उरलेल्यांच्या गळ्याला फास.

मुरबाडहून एक ताई: भेंडी, काकडी मी पिकवते. मुंबईला माल जातो, पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) नवऱ्याच्या नावाने येते. अडत (अडत्याचं कमिशन) कापलेली असते. आम्ही बायकांनी कंपनी काढावी का?

ताई, आधी ती पट्टी नीट वाचा. फळं-भाज्यांवरची अडत 2016 पासून खरेदीदाराने द्यायची आहे, शेतकऱ्याने नाही. हमाली, तोलाई वेगळी. पट्टीवर ‘अडत’ म्हणून रक्कम दिसली तर पट्टी जपून ठेवा आणि बाजार समितीकडे लेखी तक्रार करा. त्याच वर्षापासून आवाराबाहेर विकायलाही मोकळीक आहे. संत सावता माळी आठवडे बाजार त्यातूनच सुरू झाले.

उत्पादक कंपनी दहा जणींतही नोंदवता येते. पण नोंदणीनंतर दरवर्षी हिशेब तपासनीस, विवरणपत्रं, सभा हे सगळं आलं. एक हंगाम नुसता माल एकत्र करून बघा: गावातच वजन, गावातच प्रतवारी, एकच टेम्पो. तेवढ्यावरून कोण टिकतं ते कळेल.

नावाचं म्हणाल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली, 1992 पासून, नवरा हयात असताना त्याच्या संमतीने सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. अर्ज तलाठ्याकडे करायचा. पीएम किसानचे सहा हजार त्याने दुप्पट होत नाहीत, ते कुटुंबाला एकदाच मिळतात. पण अनुदानाचा अर्ज, कर्ज, पट्टी हे सगळं तुमच्या नावाने मागायला आधार मिळतो. नवऱ्याला सोबत घेऊनच तलाठ्याकडे जा.

आरेतल्या पाड्यावरून: आजोबांपासून पावसाळ्यात भाजी लावतो. जमिनीचा कागद नाही.

आधी त्या जमिनीचा उतारा काढा. आरेत काही जागा वनखात्याची, बरीचशी दुग्धविकास खात्याची. 2006 चा वनहक्क कायदा वनजमिनीलाच लागतो. ती वनजमीन निघाली, तुम्ही अनुसूचित जमातीचे असाल आणि 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून तुमची वहिवाट असेल तर दावा करता येतो. किमान दोन पुरावे लागतात, त्यात पाड्यावरच्या जाणत्या माणसांचा लेखी जबाबही चालतो, फक्त तो दावेदाराव्यतिरिक्त दुसऱ्याचा हवा. मंजूर झालेला हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. शहरात ग्रामसभा नसल्याने दावा कुणाकडे दाखल करायचा, ते वांद्र्याला उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.