लसूण आणि भाज्या ओव्हनमध्ये भाजताना

तुमच्या प्रश्नाचा आशय असा, की घरी नवीन ओटीजी (विजेचा लहान ओव्हन) आणला, फ्लॉवर, गाजर आणि बटाटे चिरून त्यांना तेल व बारीक चिरलेला लसूण चोळला आणि ट्रे २०० अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवला, तर भाज्या लिबलिबीत झाल्या आणि लसूण मात्र काळा पडून कडू लागला. शिवाय वरण-भाताबरोबर किंवा पावाबरोबर तोंडी लावायला होतील असे दोन-तीन सोपे प्रकार तुम्हाला हवे आहेत. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. भाजीला आणि लसणाला सोसणारी आच सारखी नसते, त्यामुळे दोघांना एकाच वेळी, एकाच आकारात ट्रेमध्ये घातले की त्यांपैकी एकाचे नुकसान ठरलेलेच असते.

आधी भाजीचे पाहू. भाजीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि खरपूस रंग व भाजल्याचा वास ज्या मेलार्ड अभिक्रियेतून येतो ती साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. म्हणजे ओव्हन २०० अंशांवर असला तरी ओली भाजी आत उकडतच राहते. आपण फ्लॉवर अळ्यांच्या धास्तीने मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवतो. ती पद्धत योग्यच आहे, पण नंतर तुरे चाळणीत निथळून, सुती पंच्यावर पसरून निदान तासभर कोरडे होऊ द्यावेत. दुसरे कारण गर्दीचे. २५ ते ३० लिटरच्या ओटीजीबरोबर येणाऱ्या ट्रेमध्ये साधारण अर्धा किलो चिरलेली भाजीच एका थरात नीट बसते. तुकड्यांमध्ये फट नसेल तर सुटलेली वाफ तिथेच कोंडते, म्हणून भाजी जास्त असेल तर ती दोन खेपांत भाजावी. वेळ जातो, पण याला दुसरा उपाय नाही.

ओव्हन वरची आणि खालची अशा दोन्ही तापणाऱ्या कांड्या चालू ठेवून १५ मिनिटे आधी तापवावा आणि ट्रे मधल्या खाचेत ठेवावा. लहान ओव्हनमध्ये मागची बाजू बहुधा जास्त तापते, म्हणून अर्ध्या वेळेनंतर भाजी उलथवताना ट्रेही फिरवून ठेवावा. बटणावर लिहिलेले तापमान आणि आतले तापमान यांत २० अंशांचा फरक सहज असू शकतो, तेव्हा आत ठेवण्याचा एखादा साधा तापमापक विकत घेणे मला आवश्यक वाटते. ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह आहे त्यांनी त्यातील कन्व्हेक्शनची सोय वापरावी. नुसत्या मायक्रोवेव्हवर भाजी शिजते, भाजली जात नाही.

तेल अर्धा किलो भाजीला दोन मोठे चमचे पुरते आणि रिफाइंड शेंगदाणा तेल या आचेवर उत्तम टिकते. मीठ भाजी ट्रेमध्ये घालण्याच्या अगदी आधी लावावे, कारण मीठ लावून ठेवलेल्या भाजीला पाणी सुटते. लाल तिखट आणि गोडा मसाला मात्र भाजी बाहेर काढल्यावरच भुरभुरावा, कारण सुकी पूड या उष्णतेत करपते.

आता लसूण. अखंड पाकळीत अ‍ॅलिइन हे द्रव्य आणि त्यावर काम करणारे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी चिरली किंवा ठेचली की ते एकत्र येतात आणि लसणाचा झणझणीतपणा तयार होतो. पाकळी सालीसकट अखंड भाजली तर उष्णतेने ते विकर आधीच निकामी होते, म्हणून भाजलेला लसूण गोडसर, लोण्यासारखा मऊ लागतो. उलट बारीक चिरलेल्या लसणात पाणी थोडे आणि साखरेच्या जातीची द्रव्ये भरपूर, त्यामुळे त्याचे कण २०० अंशांवर काही मिनिटांत सुकून जळतात. म्हणून लसूण एक तर सालीसकट अखंड घालावा किंवा किसून, चमचाभर तेलात वा लोण्यात कालवून शेवटच्या चार-पाच मिनिटांत भाजीवर घालावा. पहिल्या रीतीत गोडवा मिळतो, दुसरीत तिखटपणा. कित्येकदा मी दोन्ही रीती एकाच ट्रेमध्ये वापरते आणि ती चव मला सर्वांत आवडते. गावठी लसणाच्या बारीक पाकळ्या सालीतही लवकर सुकतात, तेव्हा अखंड भाजण्यासाठी मोठ्या पाकळ्यांचाच लसूण निवडावा आणि गावठी लसूण किसण्यासाठी राखावा.

फ्लॉवरपासून सुरुवात करावी, कारण त्यात बिघडण्यासारखे कमी आहे. कोरड्या तुऱ्यांचे उभे काप करावेत, म्हणजे सपाट बाजू ट्रेला टेकून छान तांबूस होते. २१० अंशांवर २५ ते ३० मिनिटे लागतात, शेवटी किसलेला लसूण घालायचा आणि बाहेर काढल्यावर लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी व लिंबाचा रस. लिंबू आधी पिळू नये. ट्रेवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल असेल तर आंबट रसाची तिच्याशी क्रिया होते. गाजराला याच आचेवर आणखी पाचेक मिनिटे लागतात, फरसबीला जेमतेम १५ ते १८.

बटाट्यांना थोडी अधिक मेहनत लागते. एक लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा आणि मीठ घालून मोठ्या फोडी आठ ते दहा मिनिटे उकळाव्यात. सोड्यामुळे फोडींच्या कडा विरघळल्यागत होतात. पाणी काढून पातेले हलवले की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि तोच पुढे कुरकुरीत बनतो. वाफ निघून गेल्यावर तेल लावून २२० अंशांवर ४० मिनिटे, मध्ये दोनदा उलथवून, भाजावे आणि शेवटच्या २० मिनिटांसाठी लसणाच्या सालीसकट पाकळ्या तेलात घोळवून फोडींच्या मध्ये खुपसाव्यात. खाताना पाकळी दाबली की आतला गर बाहेर येतो. फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटे यासाठी घेऊ नयेत. थंडीत त्यांतल्या पिष्टाची साखर होते आणि ते आतून शिजण्याआधीच वरून काळपट होतात.

तिसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. भरताच्या मोठ्या वांग्याला चिरा देऊन त्यांत सोललेल्या पाकळ्या आणि हिरवी मिरची खोचावी, वरून तेल लावावे आणि २२० अंशांवर ४० मिनिटे ठेवून एकदा उलटावे. वांग्याच्या ओलाव्यात लसूण न करपता शिजतो. खानदेशात पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या सुक्या काटक्यांच्या) जाळावर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास ओव्हनमध्ये येणार नाही, पण कच्चा कांदा, कोथिंबीर आणि दाण्यांचा कूट घातलेले हे भरीत भाकरीबरोबर अतिशय सुरेख लागते.

शेवटी एक गोष्ट गांभीर्याने सांगते. भाजलेला किंवा कच्चा लसूण तेलात बुडवून बरणीत भरून ओट्यावर ठेवू नये. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसणाला आंबटपणा नसतो, त्यामुळे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू तिथे वाढू शकतात. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे अशा लसणातून अनेकांना विषबाधा झाली होती आणि अशा तेलाच्या वासावरून किंवा रंगावरून धोका ओळखता येत नाही. उरलेला लसूण लगेच फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा, अधिक असेल तर लहान वड्या करून फ्रीझरमध्ये गोठवावा. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी गरम करायची असेल, तर ती लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर परतावी. मायक्रोवेव्हमध्ये तिचा कुरकुरीतपणा जातो.