तीस दिवस भिकाऱ्यांत

प्रश्न : गोव्यातले वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्याविषयी वाचताना शलोमो मोल्खो हे नाव आलं. त्याने सांगितलेला पूर आणि भूकंप खरे झाले म्हणतात. तो खरंच प्रेषित होता का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ओर्ता आणि मोल्खो एकाच समाजातले. पोर्तुगालने १४९७ मध्ये ज्यूंना सक्तीने बाटवलं. अशा घरांतली पोरं ‘नवे ख्रिस्ती’ म्हणून वाढली. मोल्खोचं तिथलं नाव दियोगु पिरेस. पंचविशीतच राजाच्या न्यायालयात लेखनिक, म्हणजे जन्माची ददात मिटलेली. १५२५ मध्ये डेव्हिड रेउबेनी दरबारात आला. आपण दूरच्या एका ज्यू राजाचे भाऊ, असं तो सांगे. दियोगुने त्याच्याकडे सुंता करून मागितली. जिवाच्या भीतीने रेउबेनीने नकार दिला, तेव्हा दियोगुने ती स्वतःच्या हाताने केली, शलोमो हे नाव घेतलं आणि देश सोडला. ग्रीसमधल्या सालोनिकात तो कब्बाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, शिकला; १५२९ मध्ये त्याची प्रवचनं तिथे छापली गेली.

पुढे रोम. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात एक कथा आहे : मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहतात तो तारणहार, रोमच्या वेशीवर रोग्यांत बसलाय, आणि सगळे आपल्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात, तो मात्र एकेकच सोडतो. न जाणो, हाक आली तर उशीर नको! मोल्खो फाटक्या कपड्यांत टायबरच्या पुलाजवळ भिकाऱ्यांत तीस दिवस बसला. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी इथे मी दर वेळी थांबतो.

टायबरला १५३० च्या ऑक्टोबरात पूर आला, जानेवारी १५३१ मध्ये लिस्बन हादरलं. पोप सातवे क्लेमेंट यांनी त्याला अभय दिलं. पण टायबरला पूर नवे नव्हते. भाकितांवरून मी त्याला प्रेषित म्हणणार नाही. सुरक्षित नोकरी सोडून तो त्या रोग्यांत जाऊन बसला, त्यासाठी म्हणेन.

१५३२ मध्ये तो रेउबेनीसह रेगेन्सबुर्गला सम्राट पाचव्या चार्ल्सला भेटायला गेला. सम्राटाने दोघांना बेड्या घातल्या. इटलीतल्या मांतुआत मोल्खोला जिवंत जाळायला चितेपाशी आणलं. योसेफ हा-कोहेन हा इतिहासकार लिहितो, की पश्चात्ताप केलास तर सुटशील, असं त्याला सांगण्यात आलं. त्यावर तो म्हणाला, ख्रिस्ती म्हणून काढलेल्या वर्षांचाच मला पश्चात्ताप आहे.

‘शुल्हान आरूख’ हा धर्मसंहितेचा ग्रंथ लिहिणाऱ्या योसेफ कारोने मोल्खोसारखंच मरण आपल्याला यावं, असं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. ते त्याला लाभलं नाही. १५७५ मध्ये तो गॅलिलीतल्या साफेदला म्हातारपणी वारला. ओर्ता गोव्यात अंथरुणावरच वारले. छुपे ज्यू ठरवून त्यांची हाडं मात्र १५८० मध्ये उकरून जाळली.