गंगेचे वाहन, ध्रुवाचे स्थान आणि आपली सुसर

प्रश्न : गंगेचे वाहन मगर, असे आम्ही लहानपणापासून ऐकले. आता ते डॉल्फिन होते असे वाचनात येते. खरे काय?

उत्तर : वाहन आहे मकर, आणि मूर्तिकारांचा मकर म्हणजे यांपैकी कोणताच एक प्राणी नव्हे. वेरूळच्या 21 क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, दर्शनी भागावर गंगा मकरावर उभी आहे. तेथे गेलात तर देवीइतकाच वेळ तिच्या पायाखालच्या प्राण्याला द्यावा. वर वळलेली सोंड, मगरीसारखा जबडा आणि माशाचे किंवा वेलबुट्टीचे शेपूट अशी मकराची जुळणी शिल्पांत सामान्यतः आढळते. गीतेत 'झषाणां मकरश्चास्मि' म्हणताना तो माशांत गणला आहे. गंगेतील डॉल्फिनच्या लांब, दातेरी चोचीने या कल्पनेला हातभार लावला असणे शक्य आहे. मात्र म्हणून मकर म्हणजे डॉल्फिन असे समीकरण मांडणे मला घाईचे वाटते.

प्रश्न : मग संस्कृतात डॉल्फिनला शब्दच नव्हता का?

उत्तर : होता, शिशुमार. ऋग्वेदात त्याचे 'शिंशुमार' असे रूप येते आणि तेथे तो चक्क बैलाच्या जोडीने अश्विनांच्या रथाला जुंपलेला आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात तर सारे तारामंडळच डोके खाली करून वेटोळे घातलेल्या शिशुमाराच्या रूपात कल्पिले असून त्याच्या शेपटीच्या टोकाला ध्रुव आहे. हिंदीतील 'सूंस' या डॉल्फिनच्या नावाचे नाते याच शब्दाशी सांगितले जाते. गंमत अशी, की आपल्याकडे येईपर्यंत त्याच शब्दाची 'सुसर' झाली आणि ती मगरीच्या कुळात जाऊन बसली. तेव्हा जुन्या ग्रंथात शिशुमार दिसला, की प्रत्येक वेळी डॉल्फिनच समजू नये. संदर्भ पाहूनच अर्थ लावावा.

प्रश्न : अशोकाने डॉल्फिनच्या हत्येवर बंदी घातली होती काय?

उत्तर : राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे, आणि पोपट, मैना, वटवाघूळ यांच्यासोबत तीत 'गंगापुपुटक' हे नाव येते. ते गंगेतील डॉल्फिनचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात, पण लेखात त्या प्राण्याचे वर्णन नसल्याने हा तर्कच आहे. माशांविषयीची आज्ञा मात्र निःसंदिग्ध आहे : ठरावीक तिथींना ते मारण्यास आणि विकण्यासही मनाई.