नको असलेला टॅटू काढून टाकताना लेझरने शाई फुटते, मग आजूबाजूची कातडी का जळत नाही?

कारण लेझरचा प्रत्येक स्पंद (प्रकाशाचा एकेक झटका) इतका क्षणिक असतो, की शाईच्या कणातली उष्णता शेजारच्या पेशींत झिरपायच्या आत तो संपलेला असतो. तापलेली वस्तू निवायला लागणारा वेळ साधारण तिच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. मायक्रोमीटरहून लहान शाईचा कण नॅनोसेकंदांतच (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) निवतो, केसाच्या मुळाला मात्र कित्येक मिलिसेकंद लागतात. म्हणूनच केस काढायच्या लेझर यंत्राचे स्पंद मिलिसेकंदांचे, तर टॅटूच्या क्यू-स्विच्ड (ऊर्जा साठवून एका झटक्यात सोडणाऱ्या) लेझरचे ५ ते १० नॅनोसेकंदांचे. (केसांचं यंत्र टॅटूवर चालवलं तर कातडी खरंच भाजते. तसा 'स्वस्त उपाय' कुणी सुचवला तर उठून यावं.) स्पंद किती लांब ठेवायचा हे लक्ष्याच्या निवण्याच्या वेळेवरून ठरवायचं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. लेझर शाई पुसत नाही, फक्त फोडतो. कण एकदम तापून तडकतो आणि ते तुकडे मॅक्रोफेज (बाहेरचे कण गिळणाऱ्या) पेशी व लसिकावाहिन्या हळूहळू वाहून नेतात. म्हणून दोन बैठकांत बहुधा ६ ते ८ आठवडे जाऊ देतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: कातडीला रंग देणारं मेलॅनिनही हाच प्रकाश शोषतं. त्यामुळे आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण मेलॅनिन ती कमी शोषतं. काळ्या शाईवर, जुन्या गोंदणावरही, ती चांगली चालते; हिरव्या शाईवर फारशी नाही. लाल शाईसाठी ५३२ नॅनोमीटर वापरतात, पण त्यात पांढरे किंवा काळे डाग पडण्याचा धोका बराच वाढतो.