वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही? आधी भिंत बघा, मग राऊटर

घरच्या वायफायवर या वेळी बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतोय. पहिलं उत्तर जरा लांबलंय कारण निम्म्या पत्रांचं दुखणं तेच आहे.

प्रश्न: आमचं घर फोंड्याजवळ, आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं, मधे राजांगण. फायबरचं कनेक्शन पुढच्या खोलीत घेतलंय, तिथे नेट मस्त चालतं, पण मुलगी मागच्या खोलीत अभ्यासाला बसते तिथे ऑनलाइन क्लासचा व्हिडिओ सारखा अडकतो. दुकानदार म्हणतो सहा अँटेनावाला मोठा राऊटर घ्या, आठ हजारांचा. घेऊ का?
— एक पालक, फोंडा

उत्तर: नका घेऊ. निदान आत्ता तरी नका. तुमची अडचण राऊटरची नाहीये, भिंतीची आहे. जुन्या घरांतली चिऱ्याची भिंत दीड-दोन फूट जाड असते, चिरा सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा, आणि ओली भिंत वायफायच्या लहरी जास्तच गिळते, त्यामुळे उन्हाळ्यात कसंबसं चालणारं नेट जुलैत एकदम मान टाकतं. अशा दोन भिंती मधे आल्या की मोठा राऊटर आणून फार काही हाती लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. वायफाय हे दोन्ही बाजूंनी बोलणं आहे. देवळात कीर्तनकाराला माइक असतो म्हणून त्याचं बोलणं पार मागे तळीपर्यंत ऐकू येतं, पण तळीवरून तुम्ही काही विचारलंत तर त्याला थोडंच ऐकू जाणार? मोबाइलचं तसंच आहे, त्याचा आवाज लहान, बॅटरी वाचवायची असते त्याला. राऊटर कितीही मोठा आणा, फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतील आणि क्लास तरीही अडकेल, कारण मुलीच्या फोनचं उत्तर राऊटरपर्यंत पोचतच नाहीये.

मग करायचं काय? आधी फुकटातला उपाय. फायबरवाला बॉक्स नेहमी वायर घरात शिरते तिथेच लावून जातो, म्हणजे एका कोपऱ्यात, बऱ्याचदा लोखंडी कपाटामागे नाहीतर टीव्हीच्या मागे. तुमच्याकडे राजांगण आहे ना, त्याचा फायदा घ्या. राऊटर राजांगणाकडे उघडणाऱ्या दाराच्या किंवा खिडकीच्या जवळ, डोक्याच्या उंचीवर ठेवा. मोकळ्या हवेत लहरींना अडवायला काही नाही, त्या राजांगण ओलांडून पलीकडच्या दारा-खिडक्यांतून आत जातात आणि लाकडी दार चिऱ्याच्या मानाने त्यांना काहीच अडवत नाही. कित्येक चौसोपी घरांत एवढ्यावर काम भागतं.

भागलं की नाही हे काड्यांवरून ठरवू नका. फोनवर वायफायची ताकद आकड्यात दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, त्यात उणे चिन्हाचा आकडा दिसेल, डीबीएममध्ये. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० म्हणजे जोडलंय पण चालणार नाही. मुलगी जिथे बसते बरोब्बर तिथे फोन ठेवून, दार लावून बघा, कारण अभ्यासाला दार लावलेलंच असणार.

आकडा वाईट आला तर केबल ओढा. हो, केबलच. वायफाय हे शेवटच्या चार-पाच मीटरसाठी चांगलं, भिंती ओलांडायचं काम तारेचं. कॅट सिक्सची केबल घ्या आणि घेताना शुद्ध तांब्याचीच मागा, कारण सीसीए नावाने जी स्वस्त मिळते ती आतून अ‍ॅल्युमिनियम आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा. लांबीची चिंता नको, १०० मीटरपर्यंत चालते. कौलारू घरात वाश्यांच्या कडेने नेली तर दिसतही नाही, फक्त लाइटच्या वायरिंगपासून थोडी दूर ठेवा, आणि बाहेरून न्यायची असेल तर पीव्हीसी पाइपातून न्या, ऊन-पावसात साधी केबल चिरते.

त्या टोकाला दुसरा साधा राऊटर लावा, घरात जुना पडलेला असेल तोही चालेल. त्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (म्हणजे नुसतं वायफाय द्यायचं काम) असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर तीन कामं: त्याचा पत्ता बदला (मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या), त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम, ते मुख्य राऊटरच करेल) बंद करा, आणि मुख्य राऊटरकडून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये नको. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा म्हणजे घरभर फिरताना फोन आपलं आपण बदलून घेतो.

केबल अगदीच शक्य नसेल तर मेश (हवेतूनच एकमेकांशी जोडलेल्या राऊटरांचा संच) घ्या, पण त्याचा दुसरा डबा मागच्या खोलीत ठेवू नका, वाटेत ठेवा, जिथे सिग्नल अजून चांगला येतोय तिथे. स्वस्तातला रिपीटर मात्र मी सुचवणार नाही, तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो.

प्रश्न: म्हापशात फ्लॅट आहे. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे पण मोबाइलवर ४०च्या वर जात नाही, आणि रात्री आठनंतर तर विचारूच नका. कंपनी म्हणते आमच्याकडून सगळं ठीक आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: कंपनी खरंही बोलत असेल. लॅपटॉप राऊटरला केबलने जोडा आणि स्पीड मोजा, ९०च्या पुढे आला तर प्लॅन नीट मिळतोय, गडबड हवेत आहे. (केबलवरही रात्रीच पडत असेल तर मात्र कंपनीला सोडू नका, वेळ लिहून तक्रार करा.)

वायफाय मुख्यतः दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर, चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. तुमचा फोन बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला असणार. जुन्या किंवा साध्या फोनचा या बँडवर कागदावरचा वेग ७२ असतो आणि हातात येतात चाळीसच्या आसपास, म्हणजे तुमचा आकडा अगदी तिथलाच आहे. रात्री सगळी बिल्डिंग घरी येते आणि सगळ्यांचे राऊटर याच बँडवर. यात आपल्याकडे १३ चॅनल आहेत पण ते एकमेकांवर चढलेले, मोकळे म्हणावे असे तीनच, १, ६ आणि ११. शेजारी काय वापरतात ते अ‍ॅपमध्ये दिसतं, त्यातल्या त्यात कमी गर्दीचा घ्या, आणि ३ किंवा ८ असले मधले घेऊ नका, त्याने दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा त्रास होतो आणि त्यांनाही तुमचा.

खरा उपाय ५ गिगाहर्ट्झ. राऊटरमध्ये असेल तर त्याला वेगळं नाव देऊन फोन आणि टीव्ही तिकडे जोडा. या लहरी भिंतीतून फार जात नाहीत, आणि फ्लॅटमध्ये तेच चांगलं कारण शेजाऱ्याचंही तुमच्यापर्यंत येत नाही.

प्रश्न: काणकोणात आमचा छोटा होमस्टे आहे, तीन खोल्या. पाहुणा आला की पहिला प्रश्न वायफायचा पासवर्ड. तोच पासवर्ड आमच्या घरच्या कॅमेऱ्यांना आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरलाही आहे. काही धोका आहे का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर: आहे, आणि आजच बदला. एकाच नेटवर्कवर असलेला माणूस तुमचे कॅमेरे, प्रिंटर, कॉम्प्युटर शोधू शकतो, आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवला असेल (बहुतेकांनी ठेवलेला असतो) तर आत बघूही शकतो. पाहुणे वाईट असतात असं नाही, पण सीझनभरात किती फोन जोडले जातात आणि त्या फोनांत काय काय शिरलेलं असेल हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क म्हणून सोय असते, ती चालू करा, वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि पाहुण्यांना एकमेकांची किंवा घरची उपकरणं दिसू नयेत हा पर्याय चालू आहे ना ते तपासा. पाहुण्यांचा पासवर्ड अधूनमधून बदला, क्यूआर कोड छापून खोलीत लावला की कोणाला टाइप करायलाही नको. घरच्या नेटवर्कला सुरक्षेचा प्रकार निवडताना डब्ल्यूपीए३ मिळत असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए२, त्याखालचं काही नको. आणि डब्ल्यूपीएस नावाची, पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय बंद करा. तिचा पिन आठ आकडी दिसतो पण तपासला जातो दोन तुकड्यांत, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ सालीच उघड झालंय. राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड अजून अ‍ॅडमिन असेल तर तोही बदला, तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो हे पुष्कळांना माहीत नसतं.

प्रश्न: वाळपईला राहतो. वीज गेली की नेट गेलं, आणि गेल्या मे महिन्यात गडगडाट झाला त्यात राऊटरच जळाला. फायबरला वीज पकडत नाही म्हणतात ना?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर: फायबरची काच पकडत नाही, पण राऊटरच्या अ‍ॅडॉप्टरला वीज घरच्या सॉकेटमधून जाते, मार बहुतेक तिथून आला. शिवाय काही फायबर केबलींना आधारासाठी लोखंडी तार असते, ती बाहेरच्या हुकापाशीच तोडलेली असायला हवी, घरात आलेली दिसली तर माणूस बोलावून काढून घ्या. मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर आभाळ भरून यायला लागलं की प्लग काढून ठेवा, गडगडाट सुरू झाल्यावर मात्र हात लावायला जाऊ नका. सर्ज प्रोटेक्टर बारीक झटक्यांना उपयोगी, तोही अर्थिंग नीट असेल तरच, जवळ वीज पडली तर त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

वीज गेल्यावर नेट चालायला छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा, राऊटरसाठीचाच. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल वाचा, व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, बहुतेक १२ असतात, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा बॉक्स आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज द्यावी लागेल, एकालाच दिली तर फोनवर वायफाय जोडलेलं दिसेल आणि नेट नसेल. मोठ्या कंपन्यांच्या फायबरला मधल्या वाटेत वीज लागत नाही, त्यामुळे सगळ्या गावाची गेली तरी तुमचं चालू राहण्याची शक्यता चांगली, पण लोकल केबलवाल्याचं असेल आणि त्याचा स्विच खांबावर कुठेतरी विजेवर चालत असेल तर तुमच्या यूपीएसने काही होणार नाही. म्हणून पैसे घालण्याआधी त्यालाच विचारा, वीज गेल्यावर तुमच्या बाजूने किती वेळ चालतं.