पुराचं पाणी लागलेली जुनी गाडी स्वस्तात मिळतेय, घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: २०१८ ची डिझेल गाडी, पुणे पासिंग, जिंतूरमध्ये एजंटकडे उभी आहे. अशा गाडीचा बाजारभाव पाच लाखांच्या आसपास, हा एजंट साडेतीनला द्यायला तयार आहे. विचारलं तर म्हणतो, "थोडं पाणी लागलं होतं, पण कंपनीत सगळं काम करून घेतलंय." घ्यावी का? आणि नाही घेतली, तर पुढची गाडी बघताना हे ओळखायचं कसं?

मी लातुरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्यामुळं इंजिनवाल्या मिस्त्रीपेक्षा माझं मत जरा कडक असणार, हे धरून चला. पाणी कुठवर आलं होतं आणि नेमकं काय बदललं, हे एजंटला कागदावर दाखवता येत नसेल तर ही गाडी घेऊ नका. दीड लाख वाचल्यासारखे वाटतात, पण ते पुढच्या दोन वर्षांत वायरिंगवाला, एसीवाला आणि स्कॅनरवाला वाटून घेतात.

आधी "थोडं पाणी" म्हणजे काय ते बघू. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं, आत शिरलं नाही, तर ब्रेक, बेअरिंग, ग्रीसचं काम करून गाडी मोकळी होते. गावाकडं पुलावरून पाणी जाताना अशी गाडी कितीतरी वेळा काढली जाते. खरी अडचण दाराच्या उंबऱ्यावरून पाणी आत आलं की सुरू होते. कार्पेटखाली जाड फोम असतो, तो पाणी धरून ठेवतो, आणि त्याच्याखालून वायरिंगचा मुख्य जुडगा मागं जातो. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढं किंवा मागं, मधल्या बोगद्यावर, म्हणजे जमिनीलगतच बसवलेला असतो. सीटपर्यंत पाणी आलं म्हणजे तो बुडालाच. डॅशबोर्डपर्यंत आलं तर फ्यूज बॉक्स, मीटर, एसीचा ब्लोअर सगळं गेलं. तेवढ्या पाण्यातली गाडी मी निम्म्या किमतीतही घेणार नाही.

आता एजंटच्या वाक्याचा हिशेब लावा. विम्यापुरती धरलेली गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही. दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. आयडीव्ही चार लाख असेल तर तीन लाखांची रेषा. सीटपर्यंत बुडालेल्या डिझेल गाडीचा वायरिंग सेट, कंट्रोल युनिट, सीट, कार्पेट, इंजेक्टर, टर्बो, मजुरी असं सगळं कंपनी दरानं लावलं तर ही रेषा ओलांडायला वेळ लागत नाही. मालकाला पैसे मिळतात, गाडी भंगार म्हणून लिलावात जाते, तिथून ती कुणीतरी उचलतो, बाहेर स्वस्तात उभी करतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकतो. म्हणून "कंपनीत सगळं काम केलंय" हे खरं असेल तर पाणी फार वर नव्हतं आणि बिल दाखवायला काही हरकत नसावी. पाणी वर असेल तर सगळं काम कंपनीत झालेलं असणं पैशाच्या हिशेबात बसत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं अवघड आहे. आणि आपल्याकडच्या आरसीवर "पुरात बुडालेली" असा शेरा कुठं येत नाही, हेही लक्षात ठेवा.

मराठवाड्यात आपण यात फसतो त्याचं एक कारण आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं आमचं लातूर. आपल्याला गाडी बघताना पूर डोक्यात येतच नाही. पण गाड्या येतात कुठून? पुणे, मुंबई, आणि नांदेड-उदगीरकडं हैदराबादहूनही. सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये आणि परत २०२१ मध्ये पाणी आलं, हैदराबादला ऑक्टोबर २०२० मध्ये. आणि आता घरचंच बघा: ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुका, सप्टेंबरात सीना, मांजरा, तेरणा, गोदावरी, सगळ्याच तुडुंब. परंडा, भूमपासून नांदेडपर्यंत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या बाजारात यायच्याच. एमएच २३, २४, २५, २६ पासिंग बघून "आपल्याच भागातली आहे" म्हणून निर्धास्त होण्यात आता अर्थ उरला नाही.

ओळखायचं कसं, तर वासावर जाऊ नका. सप्टेंबरात भिजलेली गाडी मे महिन्यात बघितली तर आपल्या उन्हानं सगळा वास कधीच उडालेला असतो. फार तर काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवा आणि दार उघडल्याउघडल्या नाक आत घाला. उग्र परफ्यूम टांगलेला दिसला तर तो काढून हीच परीक्षा करा.

खरी गोष्ट मातीत दिसते, आणि इथंच लोक चुकतात. आपल्याकडं काळ्या रानातली धूळ प्रत्येक गाडीत सापडणार. धूळ दिसली म्हणून गाडी बुडालेली होत नाही. फरक असा आहे की धूळ वरून बसते, पुराचा गाळ खालून चढतो. सीट पूर्ण मागं सरकवा, मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली आडवे व्हा आणि सीटच्या सांगाड्याची खालची बाजू बघा. वरच्या बाजूला धूळ असेल, बोट फिरवलं की निघेल. खालच्या बाजूला, स्प्रिंगच्या वेटोळ्यात, वायरीच्या सॉकेटच्या खाचेत बारीक, पिठासारखा गाळ चिकटून सुकलेला असेल आणि नखानं खरवडल्यावर पापुद्रा निघत असेल, तर तो धुळीचा नाही. धूळ खालून वर उडून तिथं चिकटत नाही. सीटचे बोल्ट बघा: त्यांच्यावर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर सीट काढल्या होत्या. जुन्या गाडीच्या सीट कोण हौसेनं काढतो?

मग सीटबेल्ट. नेहमी लागतो तेवढा नको, पार शेवटपर्यंत ओढा. शेवटचा हातभर पट्टा गुंडाळीतच राहतो आणि धुणाऱ्याचं तिकडं लक्ष जात नाही. हौदातलं पाणी उतरल्यावर भिंतीवर रेघ राहते तशी आडवी रेघ तिथं असेल तर पाण्याची उंची तुम्हाला कळलीच. पट्टा चारही बाजूंचा बघा. चारही कोरे करकरीत नवे आणि स्टिअरिंग मात्र घासून गुळगुळीत, असं असेल तर तेही उत्तरच आहे.

एक नवी पद्धत निघालीय, ती सांगतो. गाडीच्या तळाला एकसंध लेदरसारखं लॅमिनेशन करून देतात. दिसायला झकास, एजंट ते जादा सोय म्हणून सांगतो. पण ते बसवलं की खालचं कार्पेट कुणाला दिसत नाही. दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी उचकून तिथून लॅमिनेशन आणि कार्पेट वर करून बघू द्या म्हणा. "क्लिप तुटतात" असं उत्तर येईल. क्लिप दहा-वीस रुपयांना मिळते, पैसे तुम्ही द्या. तरीही नाही म्हणाला तर चहा पिऊन घरी या.

डिकीतलं सुटं चाक काढून त्याच्या खड्ड्यात बघा, जॅकवरचा गंज बघा. हेडलाइटच्या आत तळाशी मातीचा पट्टा असतो का ते बघा. दोन्ही हेडलाइट एकदम नवे असतील तर का बदलले ते विचारा. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधले दोन-चार फ्यूज उपसून त्यांचे पाय हिरवट-पांढरे झालेत का बघा. हा हिरवा थर माझं रोजचं काम आहे. तांब्याच्या वायरीला पाणी लागलं की त्या दिवशी काही होत नाही. सहा महिन्यांनी, वर्षानं पॉवर विंडो मधेच थांबते, मग एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा) दिवा लागतो, मग एखाद्या दिवशी गाडी चालूच होत नाही आणि दोन तासांनी आपोआप होते. एक सॉकेट साफ केलं की दुसरं बोलायला लागतं. मालक वैतागतो आणि गाडी विकतो. तुमच्यापर्यंत येणारी गाडी बहुतेक वेळा याच टप्प्यावर असते.

चावी फिरवून, इंजिन चालू न करता, मीटर बघा. एअरबॅग, एबीएस, चेक इंजिन हे दिवे लागले पाहिजेत आणि एअरबॅगचा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड. पण मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय, आणि ते जास्त वाईट. स्कॅनर लावून बघायचा तर एकदा लावून भागत नाही, कारण बघायला येणारं गिऱ्हाईक दारात दिसलं की बिघाडाचे कोड पुसायला दोन मिनिटं लागतात. पंचवीस-तीस किलोमीटर चालवून आणा आणि परत लावा. इंग्रजी यू (U) पासून सुरू होणारे कोड आले, म्हणजे युनिटचं एकमेकांशी बोलणं तुटतंय, तर वायरिंगवर संशय घ्या.

तुमची गाडी डिझेल आहे म्हणून इंजिनाबद्दल वेगळं सांगतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी स्टार्टर मारला तर पिस्टन वर जाता जाता अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये हवा दाबायला जागा पेट्रोलपेक्षा बरीच कमी असते, म्हणून थोडं पाणीही पुरतं. रॉड किंचित वाकला तर गाडी पाणी काढल्यावर चालते, काही महिने बरी चालते, आणि मग हायवेवर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. ऑइलच्या कांडीवर दुधाळ ऑइल दिसलं तर पळाच, पण ऑइल बदललेलं असणार, त्यामुळं ते दिसेलच असं नाही. चांगल्या मिस्त्रीकडून सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. वाकलेला रॉड आखूड पडतो, पिस्टन पूर्ण वर पोचत नाही, आणि त्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा कमी येतो.

कागदांचं थोडक्यात. आधीच्या मालकाच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. क्लेम नसेल तर हा बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. सलग विमा असलेल्या गाडीचा बोनस ४५ वरून एकदम शून्यावर आला असेल तर त्याआधीच्या वर्षात क्लेम झालाय. तो कशाचा, हे सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नंबरवर विचारा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मात्र यातून काहीच कळणार नाही. आरसीवरच्या मालकाचा फोन नंबर एजंटकडून घ्याच. आणि त्याला "गाडी बुडाली होती का" असं विचारू नका, "पाण्याचा क्लेम किती पास झाला होता?" असं विचारा. माणूस तयारीत नसतो, आकडा सांगून टाकतो.

व्यवहार झालाच तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. इसार देण्यापूर्वी परिवहनच्या साइटवर गाडीचा बोजा आणि दंड बघून घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. एजंट किमतीत तो धरत असेल तर धरू देऊ नका.

मग पाणी लागलेली गाडी कधीच घेऊ नये का? घ्यावी, पण अशी: पेट्रोल, साधी, गिअरची, पाणी फार तर कार्पेटपर्यंत, मालक स्वतः फोटो आणि बिल दाखवतोय, आणि किंमत बाजारापेक्षा निदान चौथ्या हिश्शानं कमी. अशी गाडी गावात चालवायला वाईट नाही. तुमची दीड लाखानं कमी आहे, पण डिझेल आहे आणि बिल अजून कुणी दाखवलेलं नाही.

गाडी कुठलीही घेतली तरी विम्यात इंजिन प्रोटेक्ट जोडून घ्या. नुसत्या झिरो डेपमध्ये, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणाऱ्या विम्यात, पाणी शिरून गेलेलं इंजिन मिळत नाही. आणि तुमच्याच दारात कधी गाडी पाण्यात उभी राहिली तर स्टार्टर मारू नका, ढकलूनही चालू करू नका. पाणी आहे तेव्हाच उंची दिसेल असे फोटो काढा. पाणी उतरलं की बॅटरीचा मायनस सोडवा, विमा कंपनीला कळवा आणि टोचन करून न्या. ऑटोमॅटिक असेल तर टोचन नको, पूर्ण उचलून गाडीवर चढवूनच न्यायची, नाहीतर इंजिन वाचेल आणि गिअरबॉक्स जाईल.